केरबाच्या घरचं पानिपत

परीक्षेत पोरगा नापास झाला तरी लोक हसत म्हणतात, "पानिपत झालं." मी पूर्वी म्हणायचो. आता नाही म्हणत.

पन्नास सालच्या सुमाराला आमची प्लॅटून सिरोंच्याजवळ, प्राणहितेच्या काठी होती. नदीपलीकडे सशस्त्र टोळ्या फिरत. सकाळी पी.टी., दिवसा पेट्रोलिंग, संध्याकाळी पत्ते. डाव हरला की मी ओरडायचो, "पानिपत!"

एकदा हवालदार केरबानं पत्ते खाली ठेवले. "आमच्या घरात हा शब्द काढत नाहीत. आमचा एक पूर्वज तिथं गेला. मेला की जगला, कधी कळलंच नाही. बायको मरेपर्यंत कुंकू लावून बसली. माझं काही झालं तर घरी नक्की काय ते कळव. बेपत्ता नको."

मी हो म्हणालो. त्या दिवसापासून मला 'बेपत्ता' या शब्दाचीच धास्ती वाटू लागली.

श्रावणात ऑर्डर आली, पलीकडे जा. नदी फुगली होती आणि मला पोहता येत नव्हतं. रायफल हरवली तर कोर्ट मार्शल, म्हणून प्रत्येकानं ती दोरीनं कमरेला बांधली.

डोंगा चालवणारा बुधाभाऊ ढिवर म्हणाला, "साहेब, बंदूक अंगाले बांधू नोका. डोंगा पलटला तर तेच बुडवते."

"ऑर्डर आहे," केरबा म्हणाला.

मध्यधारेत वाहतं झाड आदळलं आणि डोंगा पलटला. रायफल मला खाली ओढत होती. बुधाभाऊनं केस धरले, कोयत्यानं दोरी कापली. बाकीचे उलट्या डोंग्याला लटकले होते. केरबा दिसेना.

काठावर आल्यावर वायरलेसवर मीच बोललो. "एक जवान मिसिंग. ओव्हर."

बुडताना भ्यालो नव्हतो इतका तो शब्द उच्चारताना भ्यालो.

आम्ही काठ पालथा घातला. पाणी ओसरू लागलं तरी काही सापडेना. शेवटी सर्च थांबवायचा हुकूम आला.

बुधाभाऊ डोंग्यातून उतरलाच नाही. "चाला, अजून एक फेरी मारू. घरी वाट पाहून राह्यले असतीन त्याची."

आमच्या सुभेदारांनी न पाहिल्यासारखं तोंड फिरवलं आणि आम्हाला जाऊ दिलं.

केरबा खालच्या अंगाला, झाऊच्या झुडपांत अडकला होता. रायफल कमरेला तशीच होती. वाळूवर अग्नी दिला, सलामी दिली.

अस्थी घेऊन मी त्याच्या गावी गेलो. त्याची बायको दाराशीच कोसळली. आईनं अस्थींचं मडकं मांडीवर घेतलं, बराच वेळ त्यावरून हात फिरवला. मग सुनेला जवळ ओढून म्हणाली,

"रड बाई. याची तिथी तरी ठाऊक आहे आपल्याला."