धुऱ्यावरचा पिपा

वर्ध्याच्या कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला गेल्यापासून रक्षाने चित्रं काढणंच सोडलं होतं. केळझरला घरी आली की ती तारा, फुटके पाइप, सायकलचे स्पोक गोळा करायची. मोबाइल खांबाला बांधून हलत्या गवताचा व्हिडिओ घ्यायची आणि त्याला स्वतः बनवलेल्या वाद्यांचे आवाज जोडायची. ते आवाज ऐकून तिच्या आईच्या, ज्योत्स्नाच्या, अंगावर काटा यायचा. ज्योत्स्ना बी.ए. झालेली. पोरीने शाळेत चित्रकला शिकवावी, एवढंच तिचं मागणं. वडील गजेंद्र तर उघड म्हणायचे, "भंगारवाल्याच्या घरी देऊन टाकू इले. खुश राहीन."

रक्षा उलट बोलायची नाही. लहानपणापासून राग आला की समोरच्या वस्तूवर नख वाजवत बसायची आणि मग जे करायचं ते करायचीच.

परीक्षेसाठी तिने तेलाच्या पिप्याचं तोंड कापून त्यावर ट्यूबचं रबर ताणलं. त्यातून लांब तार ओवली आणि भुईमुगाच्या वावरात, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोन लाकडी बल्ल्यांना बांधली. वारा सुटला की पिप्यातून खोल, थांबून थांबून आवाज निघायचा. गुरगुरल्यासारखा. त्याचा व्हिडिओ तिने घेऊन ठेवला होता. पण प्रदर्शनात नुसता व्हिडिओ चालणार नाही, वाद्यही समोर हवं, नाहीतर नापास, असं सरांनी बजावलं होतं.

घोळ असा झाला, की त्या गुरगुरीला रानडुकरं घाबरली. बोरच्या जंगलातला वाघ अधूनमधून इकडे फिरतो, ते त्यांनाही ठाऊक असणार. गजेंद्रच्या वावरात यायचं सोडून ती धुऱ्यापलीकडे पुंडलिकरावांच्या भुईमुगात घुसली. पुंडलिकराव म्हणजे गजेंद्रचे धाकटे चुलतभाऊ. वाटणी झाल्यापासून दोघांचं बोलणं भांडणापुरतं उरलेलं.

पुंडलिकराव अंगणात आले, पण बसले नाहीत.

"वहिनी, दादाले सांगा, तो पिपा काढा म्हणा. सारे डुकरं मायाकडे हाकलून राह्यले तुमी."

गजेंद्र आतूनच म्हणाले, "मंग तू बी बांध ना एक. तुया पोट्टा रिकामाच तर आहे."

"बांधीन नाई, तोडीन."

"हात लावून पाह्य."

त्या दिवसापासून कालचं भंगार घरात 'आपलं मशीन' झालं. प्रदर्शन जवळ आलं तशी रक्षाने जेवताना गोष्ट काढली.

"पीक निंगेपर्यंत हलणार नाई ते," गजेंद्र म्हणाले.

"बाबा, मायी परीक्षा आहे."

"दुसरं बनव. कचऱ्यातूनच तर बनवतं."

"दुसऱ्याले तसा आवाज येणार नाई."

"आवाजाचे मार्क भेटते का कुठं?"

"त्याचेच भेटते."

गजेंद्र हसले. रक्षा ताटाच्या कडेवर नख वाजवू लागली आणि ज्योत्स्नाने ओळखलं, आता ही थांबणार नाही. ही पोरगी पक्कड घेऊन एकटीच वावरात जाईल. बाप मागून जाईल. पलीकडे पुंडलिकराव काठी घेऊन उभे असतील. त्यापुढचं तिला डोळ्यांपुढे आणवेना.

वाटणीनंतर पहिल्यांदाच ती पुंडलिकरावांच्या दारात गेली. कोणी पाणी विचारलं नाही.

"दादानं धाडलं?"

"त्यायले माहीत नाई. उद्या ते भाजी घेऊन सेलूले जातीन. तेव्हा पिपा काढा, अन् तुमच्या गाडीनं रक्षाले कॉलेजात नेऊन द्या."

"काढाचा मीच, न्याचा बी मीच. अन् दादानं इचारलं तर?"

"मायं नाव सांगजा, भाऊजी."

"तुमची पोरगी काय करते ते मले समजत नाई, वहिनी. समजून घ्याचं बी नाई. मायं वावर वाचते म्हणून येतो."

"तेवढ्यासाठीच या."

दुसऱ्या दिवशी रक्षाने तार स्वतःच सोडली. "काका, ओढू नका, रबर फाटंन."

"रबराची चिंता आहे. मायं पीक खाल्लं त्याची नाई," पुंडलिकराव पुटपुटले, पण बल्ली धरून उभे राहिले. त्यांच्या गाडीच्या मागच्या हौद्यात पिपा मांडीवर घेऊन रक्षा गेली.

रिकाम्या बल्ल्या पाहून गजेंद्र घरी आले.

"कोणी नेला?"

"मी काढाले लावला."

"पुंडलिकच्या हातानं?"

"हो."

त्यांनी बोलणं टाकलं. लवकरच एका सकाळी डुकरांनी उपटलेली, चावलेली भुईमुगाची झाडं त्यांनी अंगणात आणून फेकली. "घे. तुया लेकीचं प्रदर्शन."

ज्योत्स्ना खाली बसून त्यांतल्या शाबूत शेंगा तोडू लागली.

संध्याकाळी रक्षाचा फोन आला. ती पास झाली होती. पिपा कॉलेजने ठेवून घेतला होता, पुढच्या प्रदर्शनासाठी. ज्योत्स्नाने ते मोठ्यानं सांगितलं.

"दुसरा बनवंन का म्हणा ते," गजेंद्र भिंतीकडे पाहत म्हणाले.

ज्योत्स्नाने फोन त्यांच्यापुढे धरला. "तुमीच इचारा."

त्यांनी फोन घेतला नाही. स्वयंपाकघरातून परात आणि लाटणं उचललं आणि वावराकडे निघून गेले. थोड्या वेळाने धुऱ्याकडून परात बडवल्याचा आवाज आला. लगेच पलीकडून पुंडलिकरावांनी सुतळी बॉम्ब लावला.

ज्योत्स्नाने ताटातच कणीक भिजवायला घेतली.