दाढ कुणी काढली

तेव्हा मी सोलापुरात मास्तर होतो, आणि अक्कल आमच्याच घरी पाणी भरते असा माझा तोरा. बायकोची दाढ सुजली, गाल टम्म फुगला. चार दिवस नुसत्या पेजेवर होती. मुलगी दोन महिन्यांची, अंगावर पिणारी. आईचं दूध आटलं, गाईचं द्यावं तर पोर ओकून टाकायची. रडून रडून तिचा आवाज बसला.

पेठेतल्या डॉक्टरांनी दाढ बघून सरळ सांगितलं, "हे काम माझा कंपाउंडर करील. त्याचा हात माझ्याहून बरा आहे." कंपाउंडर विणकराच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा. बायकोला घेऊन मी तसाच परत फिरलो. घरी आई कडाडली, "बाटल्या हलवणारा माणूस माझ्या सुनेच्या तोंडात हात घालणार? शोभतं का आपल्याला?" मीही मान डोलावली. कसला डोंबलाचा शहाणा मी! घरात पोर उपाशी, आणि मी शोभेचा विचार करत बसलो.

दोन दिवस लवंगा आणि शेक झाले. तिसऱ्या दिवशी बायकोनं पदर खोचला. "दाढ माझी आहे. तुम्ही येताय, की मी एकटी जाऊ?"

गेलो मुकाट्यानं.

कंपाउंडरनं तिला भिंतीला टेकवून बसवलं, हिरडीला औषध लावलं. पक्कड फडक्याखाली झाकलेली. "ताई, बरं वाटल्यावर पयलं काय खानार, सांगा की."

"कडक भाकरी," ती म्हणाली, "आणि शेंगांची..."

चटणी तोंडातच राहिली. दाढ फडक्यात पडली होती.

निघताना त्यानं मला बाजूला घेतलं. "मास्तर, घरी डाक्टरांनीच काढली म्हना. उगं ताईंना बोलनी नगंत." आवाजात राग नव्हता, रोजचंच असल्यासारखं बोलला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरीही आईनं दारातच विचारलं, तेव्हा मी बोलून गेलो, "डॉक्टरांनी काढली."

बायकोनं तोंडातला कापूस काढला. "खोटं. कंपाउंडरनं काढली. आणि इतक्या हलक्या हातानं, की मला कळलंसुद्धा नाही."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग आत गेली, पोरीला उचलून आणलं आणि तिच्या पदरात दिलं. माझ्याकडे दोघींपैकी कुणीच बघितलं नाही.