सगळ्यात मागं चालणारी काकू

आमच्या गल्लीतली काकू दरसाल बचत गटाच्या बायकांना कारंजाकडच्या उंच टेकडीवर नेते. वाट तीच सांगते, पण चालते सगळ्यात मागं. "हळू चला वो पोरीहो, टेकडी काही पळून नाई राह्यली!"

यंदा शेवटच्या चढावर मी दमून खडकावर बसले. बाकीच्या पुढं गेल्या. काकू माझ्याजवळ बसली.

"तुम्ही जा ना वर," मी म्हणाले.

"तुले एकटीले टाकून? दरसाली कोनीतरी इथं बसतेच. मी तं अजून वरचं पाह्यलंच नाई."

मी उठले. तिचा हात धरून चढले.

माथ्यावर चहूकडं आभाळच होतं. काकूनं चपला काढल्या. तिथं देऊळ नव्हतं. मीही चपला काढल्या.