नातीच्या सीटची डेट

वस्तूची तारीख बघायचं वेड आमच्या घरात ह्यांचं. लोणारला कृषी केंद्र चालवणाऱ्या माणसाला ते लागतंच म्हणा. बियाण्याचं पाकीट हातात आलं की आधी उलटं करायचं. डेट गेलेला माल म्हणजे डेटबार. तो वेगळा काढायचा. दुकानातली ही खोड घरीही. पाहुण्यांनी आणलेला बिस्किटाचा पुडासुद्धा त्यांच्यादेखत उलटा करून बघणार. मी किती वेळा डोळे वटारले, पण ऐकतील तर शपथ.

ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं कपाशीची वाट लावली, त्याच वर्षी आमची एकुलती एक लेक पुण्याला डेंग्यूनं गेली. तिची मुलगी तेव्हा जेमतेम दोन वर्षांची. त्या दिवसांत लोक किडलेली बोंडं हातात घेऊन दुकानावर यायचे आणि विचारायचे, "डेट तं बराबर होती, मंग अळी आली काऊन?" बियाणं अळी लागणार नाही म्हणून विकलेलं बीटी, पाकीट सीलबंद, मुदत शिल्लक. मग एक दिवस शटर खाली दिसलं, कारण कळलं, आणि तीच माणसं आमच्याकडे भेटायला आली. कपाशीचं नाव कुणी काढलं नाही. सतरंजीवर थोडा वेळ बसायची, चहा नको म्हणायची आणि उठून जायची.

जावई माणूस चांगला. राग आला तरी मी त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही. तो मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, त्यामुळे लेकराला गाडीत मोकळं बसवणं त्याला खपायचं नाही. उन्हाळ्यात पोरीला पाठवतो म्हणाला, पण गाडीत ती तिच्या लहान मुलांच्या, पट्टे असलेल्या सीटवरच बसेल ही अट. जालन्यापर्यंत तो तिला घेऊन आला आणि स्वतःच्या गाडीतली ती छोटी सीट काढून आमच्या जुन्या गाडीत बांधून दिली. पट्टे कसे ओढायचे ते ह्यांना दाखवलं. मग सीट उलटी करून तळाच्या प्लास्टिकवर उठवलेली तारीख दाखवली. ही तारीख गेली की प्लास्टिक आणि पट्ट्यांचा भरवसा राहत नाही, त्यानंतर वापरायची नाही, असं त्यानं बजावलं. ह्यांनी चष्मा वर करून तारीख वाचली, पुन्हा वाचली. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा जरा माणसात आलेला मी पाहिला. एवढं एक काम त्यांना नक्की जमणार होतं.

दोन उन्हाळे नात आली. सुलतानपूरला आमच्या शेतावर जायचं म्हटलं तरी आधी सीट, पट्टे, मग गाडी चालू. वाटेत थांबलो की लोक काचेतून डोकवायचे. एकानं विचारलंच, "पोरीले बांधून काऊन ठेवलं हो?" हे त्याला सगळं समजावून सांगत बसले, तारखेसकट. परतताना ती झोपून जायची, मान डाव्या खांद्यावर टाकून. तिची आई अशीच झोपायची. मी मागे तिच्या शेजारी बसायचे आणि घर लवकर येऊ नये असं वाटायचं.

मग कोरोना आला. त्यात जावयानं दुसरं लग्न केलं, आम्हाला विचारून, आमच्या संमतीनं. त्याला मुलगा झाला. पुढे शाळा, शिकवण्या, क्लास. नातीचा व्हिडिओ कॉल यायचा. दोन मिनिटं "आबाजी, आजी" करायची आणि बाजूच्या खोलीत कुणीतरी हाक मारली की निघून जायची. सीट मी जुन्या साडीत गुंडाळून कपाटावर ठेवली होती. हंगामाआधी दुकानातल्या तारखा बघून झाल्या की हे ती खाली काढायचे, उलटी करायचे आणि म्हणायचे, "आहे अजून." मी म्हणायचे, असू द्या.

मागच्या उन्हाळ्याआधी ह्यांनीच जावयाला फोन लावला. पोरीला पाठवता का, असं विचारलं. त्यानं बरीच कारणं सांगितली आणि शेवटी म्हणाला, "मामाजी, शिवाय त्या सीटची डेटही गेली असेल आता."

हे फोन धरूनच उठले. कपाटावरून सीट उतरवली, साडी सोडली, तारीख पाहिली.

"नाही गेली, जवाईबापू. हा उन्हाळा धकते."

मग तो म्हणाला, बघतो. उन्हाळा तसाच गेला.

यंदा डेट गेली. शेजारीण तिच्या नातवासाठी सीट मागायला आली, तर ह्यांनी साफ नाही म्हटलं. चुकून कुणी वापरायला नको म्हणून सुरीनं पट्टे कापून टाकले. मला ते बघवेना, मी परसात जाऊन रडले. परत आले तर हे हात धुऊन तयार. म्हणाले, औरंगाबादले जाऊ, नवी घेऊ. आता त्याले बोलाले जागा ठेवाची नाही.

दुकान मोठं होतं, लहान मुलांच्याच वस्तूंचं. विकणारी मुलगी हसून पुढे आली. ह्यांनी आधी एका सीटची डेट विचारली. ती म्हणाली, डेट भरपूर आहे काका, बाळ केवढं आहे?

आठ वर्षांची, मी म्हटलं. म्हणताना माझं मलाच दचकायला झालं. आम्ही इतकी वर्षं सीटची तारीख सांभाळत होतो. पोर वाढतेय, हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मुलगी म्हणाली, "मग ही चालणार नाही. उंची बघून नुसती बसायची गादी लागेल, किंवा तीही लागणार नाही. उंची किती आहे?"

ह्यांनी हात पुढे केला, कमरेएवढा. माझाही हात आपसूक वर आला होता, त्यांच्या हातापेक्षा चांगला वीतभर उंच. फोनमध्ये तिचा नुसता चेहरा दिसायचा, उंची नाही.

ह्यांनी एकदा माझ्या हाताकडे पाहिलं. विचारून सांगतो, असं त्या मुलीला म्हणाले आणि आम्ही बाहेर आलो. पायरीवर त्यांनी खिशातून फोन काढला, जावयाच्या नावापाशी अंगठा थांबला. मग फोन बंद केला.

"आपली पोर असती तं हे तिले विचारलं असतं," ते म्हणाले. "आता कोणाले विचारू?"