स्टारबाईचं गाणं

‘हॉबी’ हा शब्द स्टारबाईला शिवीसारखा लागायचा. “गाण्याची हॉबी आहे वाटतं?” असं कुणी कौतुकानं विचारलं की ती फटकन म्हणायची, “मी गायिका आहे. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालते, ती नोकरी.” झांबियाहून सिडनीला शिकायला आलेली विशीतली पोर, वेंटवर्थव्हिलला आमच्या घरामागच्या छोट्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये भाड्यानं राहायची, पण तोरा असा, की माझ्या नवऱ्यानं पहिल्याच आठवड्यात तिचं नाव स्टारबाई ठेवलं. अर्थ कळल्यावर ती खूशच झाली.

गाणी स्वतः लिहायची, चाल स्वतः लावायची आणि पहिल्यांदा ऐकवायची आईला, फोनवरून. आई तिकडे झांबियात, लुसाकाच्या बाजारात भाजी विकते. ती कधी ‘छान’ म्हणायची नाही. गिऱ्हाईक करता करता गुणगुणली तर गाणं पास, नाहीतर स्टारबाई ते टाकून द्यायची. मी म्हणायची, “अगं, चांगलं होतं की!” तर म्हणे, “आँटी, तुम्हाला माझं सगळंच आवडतं. तुमचं मत धरत नाही.”

लॉकडाऊनमध्ये तिनं माझं कपाट बळकावलं. आवाज घुमू नये म्हणून माझ्या साड्या आणि गोधड्यांमध्ये बसून रेकॉर्डिंग! मी वेस्टमीडच्या लॅबमधून कोविडची सँपल्स तपासून दमून यावं, तर माझ्याच बेडरूममधून “श्श!” ते गाणं होतं आईवर, बाजार बंद पडल्यावर घरी बसलेल्या बाईवर. आई गुणगुणली. गाणं इंटरनेटवर टाकलं, तिकडे भराभर पसरलं आणि लुसाकाच्या एका म्युझिक कंपनीनं तिला रेकॉर्डिंगला बोलावलं. स्टारबाई बॅकयार्डभर नाचली.

पण जायचं कसं? तेव्हा कोविडमुळे सीमा बंद होत्या; तिच्या व्हिसावर एकदा देश सोडला की परत यायची सोय नव्हती. मी समजावलं, “शेवटचं वर्ष आहे, डिग्री तरी संपव.” ती म्हणाली, “डिग्री म्हातारपणीही मिळते, आँटी. या गाण्याची वेळ आत्ता आहे.” तिकीट काढलं, फ्लाइट रद्द. पुन्हा काढलं, पुन्हा रद्द. कंपनी गोड बोलायची, “नो वरीज, तोवर शब्द आणि ट्रॅक पाठव, आम्ही तयारी करून ठेवतो.” वेडीनं सगळं पाठवलं. त्यांनी पाठवलेल्या करारावर सहीसुद्धा केली.

मग एका दुपारी व्हिडिओ आला. गाणं तिचंच, गाणारी दुसरी. हिचं नाव कुठेही नाही. कंपनीनं सांगितलं, “करारानं गाणं आमचं, आणि तू तर आली नाहीस.” मेल्यांनो, विमानं काय तिनं बंद केली होती? माझा नुसता संताप झाला. ती मात्र माझ्या साड्यांच्या नीट घड्या करून त्या परत लावत बसली. कपाटात पुन्हा गेली नाही. सीमा उघडल्यावर निघाली, तेव्हा एअरपोर्टवर आम्ही दोघी ढसाढसा रडलो.

मध्यंतरी तिचा फोन आला. आता तिकडेच एका क्लिनिकमध्ये नोकरी करते. गाणं अजून गाजतंय; रेडिओवर लागलं की आई रेडिओ बंद करते. चुलतबहिणीच्या लग्नात सगळ्यांनी आग्रह केला म्हणून स्टारबाईनं तेच गायलं. नवरदेवाकडची एक बाई पाठीवर हात ठेवून म्हणाली, “छान गातेस पोरी, पण त्या खऱ्या गायिकेची सर नाही.”

मी म्हटलं, “मग तू सांगितलं नाहीस, ते गाणं तुझं आहे म्हणून?”

“सांगितलं ना, आँटी. सगळे हसले.”