खंडेनवमीला अडलेलं काम

मी देव मानतो, पण देवावर काम सोपवून मोकळ्या होणाऱ्यांचा मला राग येई. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. आईला लेण्याद्रीच्या पायऱ्या चढवून गिरिजात्मजापुढं हात जोडले, तरी डोक्यात शाळेचंच काहीतरी चाललेलं असे.

बेल्ह्याजवळच्या आमच्या शाळेला मंचरच्या एका शेटजींनी सहा जुने कॉम्प्युटर दिले, तेव्हाची ही गोष्ट. सगळे कोरे. शेटजींची अट एकच: दसऱ्याला सहाही चालू दिसले पाहिजेत, नाहीतर दुसरी शाळा वाट बघतेय. आमच्या पोरांनी कॉम्प्युटर फक्त टीव्हीत पाहिलेला. मी गणिताचा मास्तर, म्हणून हे लोढणं माझ्या गळ्यात आलं.

नारायणगावच्या एका क्लासवाल्यानं सीडीवरून एका यंत्रात ऑपरेटिंग सिस्टीम घालून दिली, मराठी अक्षरंही बसवली. कॉम्प्युटरच्या पोटात हार्ड डिस्क नावाची लोखंडी डबी असते, सगळं तिच्यातच. एका डबीतलं दुसरीत जसंच्या तसं कसं उतरवायचं, ते त्यानं एक नक्कल करून दाखवलं आणि सीडी घेऊन तो सणाला गावी गेला.

नवमीला मूळ आणि नक्कल अशा दोन्ही भरलेल्या डिस्क दोन यंत्रांना लावून काम झटपट उरकायचा माझा बेत होता. पण पहिली डिस्क टेबलावर नव्हती. शिपाईकाम करणाऱ्या हौसाबाईंनी शाळेची हत्यारं पूजेला मांडली होती. विळा, कुदळ, घंटेचा हातोडा आणि मधोमध झेंडूखाली माझी डिस्क, हळदीकुंकवासकट. माझं टाळकंच सरकलं. मी ती परत मागितली, पण बाई जागच्या हलल्या नाहीत.

“सर, आज हत्याराला हात लावायचा न्हाई. उद्या पूजा उठली की न्या.”

मी धुसफुसत उरलेल्या डिस्कवर कामाला बसलो. घाईत कुठून कुठं उतरवायचं ते उलटं निवडलं गेलं आणि भरलेलीवर कोरी उतरली. पडद्यावर काही उमटेना. होतं तेही पुसलं गेलं होतं. दुसरी डिस्क हाती असती, तर दोन्ही यंत्रांवर मी एकाच दमात हीच चूक केली असती. आता जे काही शिल्लक होतं ते बाईंच्या पूजेत होतं. जाऊन उचलावी असं मनात आलं, पण पुन्हा तीच चूक झाली तर, म्हणून उचलली नाही. पूजेपुढं बसलो आणि म्हटलं, गिरिजात्मजा, आता तूच बघ.

दसऱ्याला भल्या सकाळी बाईंनी पूजा उठवली, डिस्क पदरानं पुसून माझ्या हाती दिली. आता भीती त्यांनाच वाटत होती.

“कुकू आत तर गेलं नसंल ना, सर?”

गेलं नव्हतं. डिस्क चालू झाली. मग एकेक यंत्र सावकाश घेतलं. प्रत्येक वेळी पडद्यावर काय निवडलंय ते बाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं, मगच बटण दाबलं. त्याही गंभीरपणे मान हलवत. दुपारी शेटजी आले, तेव्हा सहाही पडद्यांवर एकच चित्र होतं आणि पोरं दारात गर्दी करून उभी होती.

हा चमत्कार होता की काय, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. बाईंना फक्त सणाची रीत पाळायची होती. पण मला अडवायचं तर त्या दिवशी देवाला दुसरं कोण सापडणार होतं? मुख्याध्यापकांचं मी ऐकलं नसतं. त्या उपकाराची जाणीव अजून आहे. आजही मध्येच कुणी थांबवलं की राग येतो, तो येतोच. पण आधी मी थांबतो.