काडीच्या पायावरचं जाळं

धुलाईच्या कारखान्यात तिला सगळे काडी म्हणत. अंगानं काडी, पण हॉटेलांच्या चादरींचा ढीग एकटी उपसायची. लग्नाआधीपासून ती इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. पोरं झाली, नवऱ्यानं दोन नोकऱ्या सोडल्या, काडी आपली जागची हलली नाही. बसून इस्त्री करणारीला तिथं कामचुकार समजत, आणि तो शब्द काडीला शिवीपेक्षा जास्त झोंबायचा.

एकदा अंघोळ करताना तिला पोटरीवर जांभळ्या-लाल रेषांचं जाळं दिसलं. तिच्या आईचा पाय गुडघ्याखालून कापला होता. त्याचीही सुरुवात रंग बदलण्यानंच झाली होती, एवढंच काडीला ठाऊक. पाय गेला की टेबल गेलं, आणि टेबल गेलं की घर कोण ओढणार? नवऱ्याला सांगायचीही छाती होईना. ती जाड मोजे चढवून कामाला येऊ लागली.

शेजारच्या टेबलावरच्या मावशीच्या नजरेतून मात्र काही सुटत नसे. "काय गं, एवढ्या उकाड्यात मोजे? पायांना थंडी वाजते होय?"

काडीनं तिला कोपऱ्यात नेऊन पाय दाखवला.

"हात्तिच्या! कोळ्यानं घर केलंय, भाडं मागून घे," मावशी म्हणाली. "फडकं इस्त्रीखाली तापव आणि दाबून धर. जन्मभर सुरकुत्या घालवल्या आपण, हे कुठं जातंय!"

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथं काडीच बुडत होती. दुपारच्या सुट्टीत ती रोज गरम फडकं दाबून धरू लागली. जाळं गेलं नाहीच, वर कातडी भाजून फोड आला. तो फुटला तेव्हा तिला आईची जखम आठवली. तशीच उठून ती दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी यंत्र फिरवून आतल्या मोठ्या शिराही पाहिल्या. काडीनं पलंगाची कड घट्ट धरली होती. "कापायचा असेल तर आधी सांगा. पोरांची सोय करायला हवी."

"कोण कापतंय?" बाई चमकल्या. आईची हकिगत ऐकून म्हणाल्या, "त्यांना साखरेचा आजार असणार, ते दुखणं वेगळं. या वरवरच्या बारीक शिरा आहेत. भाजलेलं भरलं की सुईनं औषध सोडू, मिटतील. आधी काळपट दिसेल, घाबरू नका. आणि तो शेक बंद!"

घाबरू नका म्हणायला काय जातं! सुई मुंगी चावल्याइतकीच लागली, पण रेषा काळवंडल्या तेव्हा काडीला पायाकडे बघवेना. बाईंनी दिलेले दाबाचे घट्ट मोजे घालून, देवाचं नाव घेत ती चालत राहिली. पुढं रेषा खरंच फिकट होत गेल्या.

तेव्हा कुठं तिनं मोजा उतरवून मावशीला पोटरी दाखवली. आता ही काय टोमणा मारते, म्हणून ती हसत वाट बघत होती.

मावशी हसली नाही. तिनं काडीला कपड्यांच्या ढिगाआड नेलं आणि स्वतःच्या घोट्यावरचं फडकं सोडलं. इस्त्रीखाली तापवलेलं ते फडकं अजून कोमट होतं. आतली कातडी काळी पडून फाटली होती आणि जखमेतून पाणी झिरपत होतं.

"तुझ्या त्या बाई," मावशीनं काडीचा हात धरला, "माझा पाय ठेवतील ना गं?"